डॉ. नारळीकरांचे विज्ञान आणि यावल तालुका

डॉ. जयंत विष्णु नारळीकर यांचे २० मे २०२५ रोजी पुण्यात निधन झाले. शासकीय इतमामात अंत्यसंस्कार झाले, वृत्तपत्रांनी अग्रलेख लिहिले, गावोगावी शोकसभा झाल्या. बहुतेक शोकसभांचा सूर एकच होता : मराठी माणसाने केंब्रिज गाजविले, पद्मविभूषण मिळविले, आपली मान उंचावली. या अभिमानात खोटे काही नाही. परंतु तो फार स्वस्तात मिळालेला अभिमान आहे. ज्याने आयुष्यभर ‘पुरावा काय?’ एवढेच विचारले, त्याच्या तसबिरीला हार घातला की त्या प्रश्नापासून सुटका होते, ही सोय सत्ताधाऱ्यांना जशी हवी असते तशी ती समाजालाही हवी असते. समाजवादी कार्यकर्त्यांनी तरी नारळीकरांच्या आयुष्याकडे निराळ्या बाजूने पाहावयास हवे. विज्ञान कोणाच्या पैशाने चालते, ते कोणापाशी साचते आणि कोणापर्यंत पोहोचत नाही, या प्रश्नाचे अर्धे उत्तर या माणसाने कृतीने दिले आहे. उरलेले अर्धे उत्तर देणे त्याच्या हाती नव्हते. ते राजकीय काम आहे आणि ते यावलसारख्या तालुक्यातच करावे लागणार आहे.

यावल तालुक्याचे नाव येथे उगाच घेतलेले नाही. याच तालुक्यातील फैजपूर येथे डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन होते. अध्यक्षस्थानी जवाहरलाल नेहरू होते. धनाजी नाना चौधरी आणि साने गुरुजी यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी त्यासाठी रक्त आटविले होते. नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या साध्या साहित्यातून नगर सजविले होते. शेतीविषयक कार्यक्रम तेथेच मंजूर झाला आणि किसान सभेचेही अधिवेशन त्याच वेळी फैजपुरात झाले. त्या पिढीला विज्ञान आणि भाकरी या दोन वेगळ्या मागण्या वाटत नव्हत्या. कुळाची सावकारापासून मुक्तता आणि मनाची अज्ञानापासून मुक्तता ही एकाच लढ्याची दोन कलमे आहेत, असे ती मानीत असे. स्वातंत्र्यानंतर त्या विचाराला सरकारी रूप आले, १९५८ मध्ये लोकसभेपुढे वैज्ञानिक धोरणाचा ठराव आला, मोठमोठ्या प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. त्या मुंबईत, दिल्लीत, बंगलोरात उभ्या राहिल्या. फैजपुराच्या वाट्याला अधिवेशनाची आठवण आली.

फैजपूरच्या अधिवेशनानंतर दीड वर्षाने, १९ जुलै १९३८ रोजी, कोल्हापुरात जयंतरावांचा जन्म झाला. वडील विष्णु वासुदेव नारळीकर हे बनारस हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक व विभागप्रमुख, आई सुमतीबाई संस्कृतच्या विदुषी. मामा मोरेश्वर हुजूरबाजार घरातील फळ्यावर भाच्याला आव्हान म्हणून गणिते लिहून ठेवीत आणि उत्तर सापडेपर्यंत ती तशीच राहत, ही हकीकत नारळीकरांनी स्वतःच सांगितलेली आहे. ती ऐकून श्रोते कौतुकाने हसतात. कार्यकर्त्याने तिच्यातला फळा तेवढा पाहावा. घरात फळा आहे, फळ्यावर लिहिणारा गणिती मामा आहे, भोवती विद्यापीठ आहे, आणि मुलाला उत्तर शोधण्यासाठी मोकळा वेळ आहे. यांपैकी कोणतीही गोष्ट जयंतरावांची कमाई नव्हती. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या पाड्यावरील पावरा मुलीजवळ तेवढीच बुद्धी असू शकते. तिच्यासाठी फळ्यावर गणित कोण लिहून ठेवतो, हा प्रश्न आहे. नारळीकरांच्या कर्तृत्वाला यामुळे कमीपणा येत नाही. मिळालेल्या वारशाचे त्यांनी पुढे काय केले, हे समजण्यासाठी वारसा मोजावाच लागतो.

१९५७ मध्ये बनारसची पदवी घेऊन ते केंब्रिजला गेले, १९५९ मध्ये गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत सीनिअर रँग्लर झाले आणि फ्रेड हॉयल यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करून १९६३ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळविली. हॉयल हे बंडखोर वृत्तीचे शास्त्रज्ञ होते. विश्वाला एका महास्फोटातून आरंभ झाला, हे मत त्यांना मान्य नव्हते. १९४८ मध्ये बाँडी, गोल्ड आणि हॉयल यांनी स्थिर स्थितीचा सिद्धान्त मांडला : विश्व प्रसरण पावते, पण प्रसरणामुळे पडणाऱ्या पोकळीत नवे द्रव्य सतत निर्माण होत राहते, म्हणून विश्वाला आरंभही नाही आणि अंतही नाही. हॉयल आणि नारळीकर यांनी १९६४ मध्ये गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धान्त मांडला. त्याचा गाभा माख या ऑस्ट्रियन तत्त्वज्ञाच्या विचारात होता. एखाद्या वस्तूचे जडत्व तिच्या एकटीच्या पोटातले नसते. विश्वातील इतर सर्व वस्तूंशी असलेल्या तिच्या संबंधातून ते येते, असा तो विचार. (यातून समाजवाद सिद्ध होतो असे सांगण्याचा मोह एखाद्या अभ्यास शिबिरात वक्त्याला होईल. तो त्याने आवरावा. इलेक्ट्रॉनचे वस्तुमान कोणत्याही पक्षाचे सभासद नसते.)

भारतात या सिद्धान्ताचा मोठा गाजावाजा झाला. आइन्स्टाइनच्या पुढे गेलेला भारतीय तरुण अशी प्रतिमा तयार झाली आणि १९६५ मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, त्यांना पद्मभूषण मिळाले. त्याच १९६५ सालात अमेरिकेत पेन्झियास आणि विल्सन यांना आकाशाच्या सर्व दिशांनी येणारे सूक्ष्मलहरींचे प्रारण सापडले आणि बहुसंख्य शास्त्रज्ञ महास्फोटाच्या बाजूला गेले. नारळीकर गेले नाहीत. १९९३ मध्ये हॉयल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह त्यांनी जुन्या सिद्धान्तात सुधारणा करून ‘क्वासी स्टेडी स्टेट’ म्हणजे जवळजवळ स्थिर विश्वाचा सिद्धान्त मांडला; अखेरपर्यंत ते त्या बाजूने लढत राहिले. जगातील बहुसंख्य विश्वरचनाशास्त्रज्ञांनी तो स्वीकारलेला नाही, आणि नंतरच्या निरीक्षणांचा कौलही बहुतांशी महास्फोटाकडे झुकलेला आहे. हे झाकून ठेवण्याचे कारण नाही. श्रद्धांजलीच्या भाषणांत ते झाकले गेले, कारण पुरस्कारप्राप्त शास्त्रज्ञ अल्पमतात होता हे सांगणे वक्त्यांना अवघड वाटले.

कार्यकर्त्यांना मात्र हाच भाग मोलाचा वाटावा. अल्पमतात राहण्याचा अनुभव या देशातल्या समाजवाद्यांइतका दुसऱ्या कोणाला असेल! आणि अल्पमतात राहण्याचे दोन प्रकार त्यांनी आपल्याच घरात पाहिलेले आहेत. एक प्रकार असा की, आपण थोडे आहोत म्हणूनच आपण खरे आहोत, असे मानून बसावयाचे. दुसऱ्या प्रकारात आपले म्हणणे मोजता येईल अशा रीतीने मांडावयाचे, ते खोटे ठरण्याची अट आपणच सांगावयाची, आणि प्रतिपक्षाच्या पुराव्याला पुराव्यानेच उत्तर द्यावयाचे. नारळीकर दुसऱ्या प्रकारचे होते. महास्फोटवाद्यांनी कट केला, असा कांगावा त्यांनी केला नाही; त्यांची तक्रार एवढीच असे की, प्रस्थापित मताविरुद्धच्या निरीक्षणांना दुर्बिणीवरचा वेळ आणि पैसा मिळत नाही. तक्रार विचार करण्यासारखी आहे, कारण संशोधनाला पैसा देणाऱ्यांचा कल बहुमताकडे असतो. येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी विश्वाला आरंभ असल्याच्या कल्पनेत सृष्टिनिर्मात्याची साक्ष पाहिली होती. त्यामुळे पोपला जे आवडले ते आपल्याला नको, म्हणून अनादि विश्वाकडे ओढा वाटणारे काही डावे लोकही होते. ती पोथीनिष्ठाच झाली. निष्कर्ष सोयीचा आहे म्हणून सिद्धान्त पत्करणे हा व्यवहार पोपने केला काय किंवा कॉम्रेडने केला काय, विज्ञानाला दोन्ही सारखेच अमान्य.

१९७२ मध्ये हॉयल यांनी केंब्रिज सोडले आणि त्याच वर्षी नारळीकर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्राध्यापक म्हणून आले. पाश्चात्त्य विद्यापीठातील मानाची जागा सोडून परत येणे हा त्याग म्हणून सांगितला जातो. पण कुलाब्याच्या समुद्रकाठी असलेली ती संस्था म्हणजे वनवास नव्हता. खरी वेगळी वाट त्यांनी तेथून निघताना धरली, आणि ती समजण्यासाठी दोन शास्त्रज्ञांतील जुना वाद आठवावा लागतो.

होमी भाभा आणि मेघनाद साहा यांच्यात तो वाद होता. भाभा संपन्न घरातील. निवडक बुद्धिमंतांना विद्यापीठाच्या गलबल्यातून बाहेर काढून उत्तम साधने असलेल्या स्वतंत्र संस्थांत ठेवावे, हा त्यांचा मार्ग. साहा ढाक्याजवळच्या खेड्यातील एका लहान दुकानदाराचे पुत्र, शिकण्यासाठी पदोपदी झगडलेले. संशोधन विद्यापीठांपासून तोडले तर विद्यापीठे वाळतील आणि संशोधन मूठभरांचे होईल, असे ते बजावीत राहिले. १९५२ मध्ये ते कलकत्त्यातून डाव्यांच्या पाठिंब्याने लोकसभेवर निवडूनही आले. परंतु राज्यकर्त्यांचा कान भाभांकडे होता. परिणाम डोळ्यांसमोर आहे : मूठभर संस्थांत जागतिक दर्जाचे काम झाले आणि लाखो विद्यार्थी ज्या विद्यापीठांत व महाविद्यालयांत शिकत होते, तेथील पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक जुन्या टिपणांवर आयुष्य काढीत राहिला. तो अकार्यक्षम होता असे नाही. त्याला ग्रंथालय नव्हते, नियतकालिके नव्हती, चर्चा करावयास माणूस नव्हते.

भाभांच्या संस्थेत सोळा वर्षे काढून नारळीकर जे उभारावयास निघाले, ते साहांच्या मार्गावरचे काम होते. त्यांनी स्वतः ते या शब्दांत कधी मांडले असो वा नसो, १९८८ मध्ये प्रा. यशपाल विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष असताना पुणे विद्यापीठाच्या आवारात जी ‘आयुका’ स्थापन झाली, तिच्या नावातच आंतरविद्यापीठ हा शब्द आहे. नारळीकर तिचे संस्थापक-संचालक होते आणि २००३ पर्यंत त्यांनी ती चालविली. नरेश दधीच व अजित केंभावी हे पहिल्यापासून बरोबर होते. संस्थेची योजना साधी होती. देशातील कोणत्याही विद्यापीठातील वा महाविद्यालयातील अध्यापकाने अभ्यागत सदस्य व्हावे, ठराविक वर्षे हक्काने येऊन राहावे, ग्रंथालय, संगणक आणि सहकारी यांचा लाभ घ्यावा आणि आपल्या गावी परत जाऊन शिकवावे व संशोधन करावे. जाण्यायेण्याचा आणि राहण्याचा खर्च संस्थेचा. पुढे जुन्नरच्या बाजूला गिरावलीच्या डोंगरावर दोन मीटर व्यासाची दुर्बीण उभी राहिली, ती २००६ मध्ये राष्ट्राला अर्पण झाली. विद्यापीठांतील संशोधकांना तिच्यावर वेळ मिळू लागला. चार्ल्स कोरिया यांनी बांधलेल्या त्या वास्तूचे फोटो मासिकांत झळकतात. तिच्या अतिथिगृहात लहान गावांतले प्राध्यापक उतरतात, हे कोठे झळकत नाही.

साधनांची मालकी समाजाची असावी, असे समाजवादी म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे गिरणी आणि जमीन असते. दुर्बीण हेही उत्पादनाचे साधन आहे. तिच्यातून ज्ञान निर्माण होते. ती कोणाला हाताळता येते, हा मालकीचाच प्रश्न आहे. ज्याने आयुष्यात कधी कोणत्या पक्षाची पावती फाडली नाही, त्या नारळीकरांनी खगोलविज्ञानापुरता हा प्रश्न कृतीत आणला. आपल्या पक्षातील किती सहकारी संस्थांनी आपल्या साधनांबाबत एवढे केले, हे ज्याने त्याने मनाशी मोजावे.

आकाशाचे ज्ञान आणि त्याचा खर्च यांचा हिशेब खानदेशाला नवा नाही. जळगाव जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, चाळीसगाव तालुक्यात, पाटण येथे शके ११२८ चा, म्हणजे इसवी सन १२०७ च्या सुमाराचा, एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याचा ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठी त्याने तेथे मठ स्थापन केला आणि निकुंभ वंशातील सोन्हदेवाने त्याला दान दिले. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो लेख उजेडात आणला. लेखाचा बहुतेक भाग संस्कृतात आहे. पण दानाचा तपशील येताच भाषा मराठी होते. बाजारात येणाऱ्या मालावरचा राजाचा कर मठाला द्यावा, जेवढे घाणे चालतील तेवढ्यांनी प्रत्येकी पळीभर तेल द्यावे, असा तो तपशील आहे. भास्कराचार्यांची स्तुती विद्वानांच्या भाषेत आणि वसुली तेल्याच्या भाषेत! मठात दिवा तेल्याच्या तेलावर जळत होता. त्या तेल्याच्या मुलाला मठात प्रवेश होता काय, याचे उत्तर तो काळ जाणणाऱ्यास सांगावयास नको. आज तेथे मठ नाही. शिलालेख तेवढा राहिला आहे.

पळीभर तेल आजही गोळा होते. त्याचे नाव बदलले आहे एवढेच. यावल-रावेरच्या केळीच्या बागेत डोक्यावर घड वाहणारी मजूर स्त्री काडीपेटीवर कर भरते. त्या कराचा एक कण टाटा संस्थेत गेला आहे, एक कण आयुकात गेला आहे. नारळीकरांचे वैशिष्ट्य असे की, हे ऋण त्यांना ठाऊक होते आणि ते लोकांच्या भाषेत फेडले पाहिजे असे त्यांना वाटे. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने एक कथा आली. पारितोषिक मिळाल्यावर कळले की लेखक जयंत नारळीकर आहेत. स्वतःच्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून त्यांनी ते नाव घेतले होते, आणि नावाच्या वजनाने निकाल लागू नये म्हणून हस्ताक्षरही दुसऱ्याचे वापरले होते. १९७९ मध्ये ‘यक्षांची देणगी’ हा संग्रह निघाला. पुढे ‘प्रेषित’, ‘वामन परत न आला’, ‘आकाशाशी जडले नाते’ ही पुस्तके तालुक्याच्या वाचनालयांपर्यंत पोहोचली. ‘चार नगरांतले माझे विश्व’ या आत्मचरित्राला २०१४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. २०२१ मध्ये नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले. स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना ते सांगत : पोस्टकार्डावर एखादा प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली स्वाक्षरी मिळेल. प्रश्न विचारण्याची सवय लावण्याची ही रीत कोणत्याही अभ्यास मंडळाने उचलावी.

या संसारातील दुसऱ्या गणितज्ञाविषयी मात्र शोकसभांतून फारसे बोलले गेले नाही. मंगला नारळीकर, पूर्वाश्रमीच्या राजवाडे, मुंबई विद्यापीठाच्या सुवर्णपदकाच्या मानकरी आणि टाटा संस्थेत संशोधन करणाऱ्या होत्या. १९६६ मध्ये विवाह झाला; पुढची वर्षे संसारात आणि तीन मुलींच्या संगोपनात गेली, आणि डॉक्टरेट १९८१ मध्ये हाती आली. नवऱ्याला ती पंचविसाव्या वर्षी मिळाली होती. गणित दोघांचेही चांगले होते. वेळेची वाटणी समाजाने केली. हा प्रश्न केवळ नारळीकरांच्या घरातला नाही, म्हणूनच तो येथे नोंदवावयाचा. बालभारतीच्या गणित समितीच्या प्रमुख म्हणून २०१९ मध्ये त्यांनी दुसरीच्या पुस्तकात ‘पंचवीस’बरोबर ‘वीस पाच’ असे वाचनही मुलांना सुचविले, तेव्हा वृत्तपत्रांपासून विधानसभेपर्यंत टिंगल झाली. टिंगल करणारे ‘एकोणसत्तर’, ‘एकोणऐंशी’ ऐकत वाढलेल्या घरांतले होते. ज्या मुलाच्या घरी पावरी किंवा तडवी बोली चालते, त्याला मराठी संख्यानामांचा केवढा डोंगर चढावा लागतो, हे सातपुड्याच्या पायथ्याशी शिकविणाऱ्या शिक्षकास विचारावे. मंगलाबाई २०२३ च्या जुलैत गेल्या. त्यांची सूचना चुकीची म्हणावयाची असेल तर वर्गात करून पाहून म्हणावे. सभागृहात हसून तिचा निकाल लागत नाही.

करून पाहण्याची गोष्ट निघाली म्हणून फलज्योतिषाच्या चाचणीचा उल्लेख केला पाहिजे. पाटणच्या मठात खगोल आणि फलज्योतिष एकाच छपराखाली होते. नारळीकरांनी ती दोन घरे निक्षून वेगळी केली. २००१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यापीठांत ज्योतिर्विज्ञानाचे विभाग काढण्याची योजना आणली, तेव्हा आयोगाच्याच पैशावर चालणाऱ्या संस्थेचे संचालक असूनही त्यांनी तिला उघड विरोध केला. २००८ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या आणि संख्याशास्त्रज्ञांच्या सहकार्याने त्यांनी चाचणी घेतली. शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या कुंडल्या जमविल्या. प्रत्येक ज्योतिषाला चाळीस दिल्या आणि विचारले, यातली कोणती कुंडली कोणत्या गटातली? सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरे पाठविली. सरासरी ४६ टक्के बरोबर आली. नाणे उडविले असते तर ५० टक्के आली असती. एका ज्योतिष संस्थेला सर्व दोनशे कुंडल्या दिल्या होत्या. तिची १०२ उत्तरे बरोबर निघाली. या कामात बरोबर असलेले डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात भरदिवसा खून झाला. २०२४ मध्ये दोघांना जन्मठेप झाली, तिघे पुराव्याअभावी सुटले. खुनामागचा मेंदू कोणाचा, हे न्यायालयात सिद्ध झालेले नाही. ४६ टक्क्यांना उत्तर देता येत नाही, तेव्हा उत्तराची जागा पिस्तूल घेते. वैज्ञानिक दृष्टिकोन हे राज्यघटनेत नागरिकाचे कर्तव्य म्हणून लिहिले गेले आहे. ते १९७६ च्या, आणीबाणीतल्या, बेचाळिसाव्या दुरुस्तीने लिहिले गेले. विरोधकांना तुरुंगात घालून नागरिकांना जिज्ञासेचे कर्तव्य सांगणारी ती दुरुस्ती होती. तरी तेवढे कलम टिकविण्यासारखे आहे.

ते कलम कसे पोखरले जात आहे, हे पाहावयास दूर जावे लागत नाही. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर एन.सी.ई.आर.टी.ने विज्ञान व गणिताची जी पाठ्यपुस्तके काढली, त्यांच्या सल्लागार गटाचे अध्यक्ष नारळीकर होते. त्यांपैकी दहावीच्या पुस्तकात आनुवंशिकता आणि उत्क्रांती असे प्रकरण होते. ओझे कमी करण्याच्या नावाखाली, २०२३ मध्ये बाजारात आलेल्या पुस्तकात आनुवंशिकता राहिली आणि उत्क्रांती गेली. मूलद्रव्यांच्या आवर्तसारणीचे प्रकरणही दहावीतून उडाले. दहावीनंतर विज्ञान न घेणारी मुले, म्हणजे देशातील बहुसंख्य मुले, डार्विनचे नाव त्या पुस्तकांतून न ऐकताच शाळेबाहेर पडतील. देशभरच्या शास्त्रज्ञांनी निषेधाची पत्रके काढली. त्या वेळी जे सत्तेत होते त्यांच्यापैकीच अनेकांनी मे २०२५ मध्ये नारळीकरांना श्रद्धांजली वाहिली.

नारळीकरांच्या कामाला मर्यादा होत्या, त्याही सांगितल्या पाहिजेत. आयुकाने विद्यापीठापर्यंत पूल बांधला; विद्यापीठापासून तालुक्यापर्यंतचा रस्ता तिच्या कक्षेत नव्हता. तिच्या आवारातील विज्ञान शोधिकेत आणि शनिवारच्या व्याख्यानांना येणारी मुले मुख्यतः पुण्याच्या शाळांतली. शिवाय सार्वजनिक शिक्षणावरचा खर्च कापला जात असताना, प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या ठेवून तासिका तत्त्वावर माणसे राबविली जात असताना, त्यांचा आवाज अंधश्रद्धेविरुद्ध जेवढा चढला तेवढा या धोरणाविरुद्ध चढला नाही. ते पक्षीय राजकारणापासून दूर राहिले, हा त्यांचा अधिकार होता. साहांनी निराळा निर्णय घेतला होता. परंतु शास्त्रज्ञाने आपल्या वाट्याचे काम केल्यावर उरलेले त्याच्याच गळ्यात घालून मोकळे होणे राजकीय कार्यकर्त्याला शोभत नाही.

तेव्हा यावल तालुक्यात करावयाचे काय? येथे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे. त्याच्या अखत्यारीतील आश्रमशाळांत प्रयोगशाळा किती आणि त्यांतील सामान कुलपाबाहेर किती दिवस असते, याची माहिती कार्यकर्त्यांनी माहितीच्या अधिकारात मागवावी. फैजपूरला १९६१ पासून धनाजी नाना चौधरींच्या नावाचे महाविद्यालय आहे. जळगावला १९९० पासून विद्यापीठ आहे आणि २०१८ पासून त्याला बहिणाबाई चौधरींचे, अक्षर न शिकलेल्या कवयित्रीचे, नाव आहे. या विद्यापीठाच्या अधिसभेच्या निवडणुका आपले लोक लढवितात. प्रचारात फी, परीक्षा आणि निकाल असतात, ते योग्यच आहे. त्या यादीत आणखी एक मागणी घालावी लागेल. या भागातील एखाद्या महाविद्यालयाच्या पदार्थविज्ञानाच्या वा गणिताच्या अध्यापकास आयुकाचा अभ्यागत सदस्य व्हावयाचे असेल, तर पुण्याचा खर्च ती संस्था देते. पण त्याला सोडावयाचे की नाही हे संस्थाचालक ठरवितात, आणि त्याच्या तासिका घ्यावयास दुसरा माणूस विभागात असावा लागतो. तासिका तत्त्वावरील अध्यापकाला तर रजाच नसते. तो महिनाभर पुण्यात राहिला तर महिनाभर त्याची चूल बंद. मंजूर जागा पूर्ण वेतनावर भरा आणि अध्ययन रजा हक्काची करा, या दोन ओळींचा ठराव अधिसभेच्या पुढील बैठकीत आपल्या सभासदांनी मांडावयाचा आहे. त्यासाठी जिल्ह्यातील प्रत्येक महाविद्यालयात विज्ञान शाखेच्या किती जागा मंजूर आहेत, किती भरलेल्या आहेत आणि गेल्या दहा वर्षांत किती अध्यापकांनी रजा मागितली व किती जणांना नाकारली गेली, याचा तक्ता लागेल. तो तयार करण्याचे काम तालुका शाखांनी वाटून घ्यावे.